लढणाऱ्याला पोसतो कोण?

1947च्या मार्चअखेरीस देवास थोरल्या पातीचे महाराज विक्रमसिंहराव पवार कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेले आणि शहाजी छत्रपती झाले. नातं जुनंच होतं. त्यांच्या आई आक्कासाहेब या राजर्षी शाहूंच्या कन्या. 1908मध्ये त्या देवासच्या तुकोजीराव पवारांना दिलेल्या. याच तुकोजीरावांकडे 1921 साली ई. एम. फॉर्स्टर हा इंग्रज कादंबरीकार खासगी सचिव म्हणून काम करत होता. त्यामुळे देवासचं नाव इंग्रजी वाङ्मयात पोचलं. कुस्तीच्या इतिहासात ते यायला हवं होतं, तिथे मात्र राहून गेलं. यायला हवं होतं, कारण 1948च्या लंडन ऑलिंपिकला गोळेश्वरचा खाशाबा जाधव निघाला तेव्हा त्याचा खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी उचलला. देवासच्या पवारांच्या घरातून आलेला हा माणूस गादीवर येऊन तेव्हा जेमतेम सव्वा वर्ष झालं होतं. मॅटवर कधीही न खेळलेला, तांबड्या मातीतला तो पोरगा लंडनमध्ये सहावा आला.

चार वर्षांनी हेलसिंकीला जाताना चित्र पार बदललेलं होतं. संस्थानं विलीन झालेली, दरबार संपलेले. खाशाबासाठी गावोगाव वर्गणी जमवावी लागली आणि राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डीकर यांनी आपलं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. त्या पैशांवर गेलेल्या माणसाने स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक आणलं. गावाने एकशे एक्कावन्न बैलगाड्यांची मिरवणूक काढली. 1955मध्ये तो पोलिसात फौजदार म्हणून लागला, सहायक आयुक्त होऊन निवृत्त झाला, पेन्शनसाठी झगडला आणि 1984मध्ये रस्त्यावरच्या अपघातात गेला. अर्जुन पुरस्कार मरणानंतर मिळाला.

या एका आयुष्यात लढणाऱ्या माणसाला पोसणाऱ्या तीन व्यवस्था येऊन जातात: राजा, लोकवर्गणी आणि सरकारी नोकरी. चौथी व्यवस्था गेल्या तीस वर्षांत आली. तिचं नाव करार. जाळीच्या अष्टकोनी पिंजऱ्यात ठोसे, लाथा, गुडघे, पट आणि फास हे सगळं एकत्र चालतं त्या मिक्स्ड मार्शल आर्ट्सची, म्हणजे एमएमएची, सगळी कारकीर्द या करारावर उभी आहे. धार-देवासकडच्या मराठी घरातल्या एखाद्या पोराने किंवा पोरीने आज हा धंदा करायचं ठरवलं, तर त्यात शिरायचं कसं, टिकायचं कसं आणि खायचं काय, हे पाहायचं असेल तर आधीच्या तीन व्यवस्थांचा हिशेब जवळ ठेवावाच लागतो.

माळव्यात दंगलींना तोटा कधीच नव्हता. पवारांची धार आणि दोन पात्यांचं देवास ही संस्थानं आकाराने लहान, त्यामुळे मोठ्या मल्लांची ओढ शेजारच्या होळकरांच्या इंदूरकडे असे. गामा पैलवानाने विलायतेला जाण्यापूर्वी देशातले जे नामांकित मल्ल पालथे घातले त्यांत इंदूरचा अली बाबा सैन होता आणि भोपाळचा प्रतापसिंह होता. गामा स्वतः बुंदेलखंडातल्या दतिया दरबारचा. तेव्हा पैलवानाच्या नावाच्या आधी गाव येई ते जन्मगाव नसे, त्याला खुराक देणाऱ्या दरबाराचं असे. दूध, तूप, बदाम, राहायला जागा, वस्ताद आणि जोडीला सराव देणारे पठ्ठे, हा सगळा संसार दरबाराच्या खर्चाने चाले. बदल्यात मल्लाने राजाची अब्रू आखाड्यात राखायची. महिन्याचा पगार, इनामाची रक्कम आणि पडला तर मर्जी जाण्याची भीती, असा तो व्यवहार होता. त्याला आश्रय म्हणायची पद्धत आहे, पण नोकरीच होती ती.

लढतीत सगळंच चालावं ही कल्पनाही नवी नाही. लुई रूसले हा फ्रेंच प्रवासी 1860च्या दशकात बडोद्याला खंडेराव गायकवाडांचा पाहुणा होता. तिथे त्याने नखांची कुस्ती पाहिली. हातात शिंगाची टोकदार नखं बांधून मल्ल एकमेकांना फाडत, भांगेच्या तारेत असत, आणि महाराज पुढच्या रांगेत बसून बघत. मूळची ती जेठी मल्लांची वज्रमुष्टी. गायकवाडांच्या दरबारात तिचा तमाशा झालेला होता. पिंजऱ्यातल्या लढतींना रानटी म्हणून नाकं मुरडणाऱ्या मराठी माणसाने आपल्याच एका दरबाराची ही करमणूक लक्षात ठेवायला हरकत नाही. आजच्या पिंजऱ्यात निदान पंच असतो, डॉक्टर असतो आणि डोळ्यात बोट घालायला बंदी असते.

गामाची 1910ची लंडनवारी ही तर आजच्या अर्थाने सरळ व्यावसायिक मोहीम होती. खर्चाची बाजू बंगालचे शरद्कुमार मित्र यांनी सांभाळली आणि इंग्रज प्रवर्तक बेंजामिनने अल्हांब्रा थिएटरात पैलवानांचे खेळ लावले. उंची कमी म्हणून गामाला आधी स्पर्धेत घेतलंच नाही. मग त्याने जाहीर आव्हान दिलं, अमेरिकेच्या डॉक्टर रोलरला दोनदा चीत केलं आणि 10 सप्टेंबरला पोलंडचा स्टानिस्लाउस झबिस्को समोर आला. अडीच तासांहून जास्त वेळ झबिस्को जमिनीला चिकटून, पोटावर दबून राहिला. पाठ लागली नाही म्हणून कुस्ती बरोबरीत सुटली. पुढच्या शनिवारी तो फिरकलाच नाही. 1928मध्ये पतियाळाला दोघे पुन्हा भेटले तेव्हा गामाने मिनिटाच्या आत निकाल लावला.

झबिस्कोचं ते पोटावर पडून राहणं ध्यानात ठेवण्याजोगं आहे. ती युक्ती नियमातून निघालेली होती. पाठ टेकली की हार, तर पाठ वर ठेवा आणि वेळ काढा. आपल्या मल्लाच्याही अंगात हेच मुरलेलं असतं. खाली गेला की तो झटकन पालथा होतो. पिंजऱ्यात हीच सवय गळ्याशी येते, अगदी शब्दशः. पालथ्या माणसाच्या पाठीवर बसून, कंबरेत पायांची कैची घालून, हनुवटीखालून हात सरकवून गळा आवळणं हा तिथला सर्वांत खात्रीचा शेवट मानतात. म्हणजे तालमीत दहा वर्षं घोटलेली जी गोष्ट मल्लाला वाचवते, तीच इथे त्याला संपवते. उलट आखाड्यात ज्याला हार म्हणतात त्या पाठीवर पडलेल्या अवस्थेतून इथे हात मोडता येतो, फास लावता येतो. 12 नोव्हेंबर 1993ला डेन्व्हरमध्ये अल्टिमेट फायटिंग चॅम्पियनशिपची, म्हणजे यूएफसीची, पहिली स्पर्धा झाली तेव्हा ब्राझीलच्या सडपातळ रॉयस ग्रेसीने एका रात्रीत तीन धिप्पाड माणसं गुंडाळून हेच जगाला दाखवलं.

हा धडा गामाच्या घराण्याने त्याच्या सतरा वर्षं आधीच घेतलेला होता, आणि फार महागात. कोल्हापूरचं खासबाग मैदान 1912मध्ये खुलं झालं तेव्हा गामाचा भाऊ इमामबक्ष तिथे लढला होता. त्याच इमामबक्षचा मुलगा अक्रम पैलवान डिसेंबर 1976मध्ये कराचीला जपानच्या अंतोनियो इनोकीसमोर उभा राहिला. त्याच वर्षी जूनमध्ये इनोकी मुहम्मद अलीशी पंधरा फेऱ्यांचा विचित्र सामना खेळून आलेला होता. जपानी माणसाने अक्रमचं मनगट दुहेरी पकडीत घेऊन हात मागे पिळला. अक्रमने शरणागती दिली नाही. हात मोडला. ताकद, इज्जत, घराण्याचं नाव सगळं त्याच्याकडे होतं, पण ज्या पेचाचा तोड तालमीत कधी शिकवलाच नव्हता तो ऐनवेळी कुठून सुचणार?

विलीनीकरणानंतर पैलवानाची सोय लागली ती दोन ठिकाणी. एक जत्रा-दंगलीच्या इनामांवर, दुसरी सरकारी नोकरीत. महाराष्ट्राने 1961पासून महाराष्ट्र केसरी भरवून पहिल्याला दुसऱ्याशी जोडलं. चांदीची गदा मिळाली की गावात नाव होतं, मैदानांची बोलावणी येतात आणि पुढे पोलिसात दार उघडू शकतं. 2011पासून सलग तीनदा केसरी झालेला नरसिंग यादव आणि त्याच्या पाठोपाठ सलग तीनदा झालेला विजय चौधरी हे दोघंही राज्याच्या पोलिसात उपअधीक्षक झाले. 2019मध्ये जागतिक स्पर्धेत कांस्य मिळवणारा बीडकडचा राहुल आवारे याच वाटेने गेला. 2007 आणि 2008चा केसरी चंद्रहार पाटील 2024मध्ये सांगलीतून लोकसभेला उभा राहिला. पैलवानकीतून राजकारणात जाणं हीसुद्धा पश्चिम महाराष्ट्रात निवृत्तीची एक मान्य योजना आहे म्हणायची. माळव्याच्या बाजूला हीच शिडी थोडी वेगळी आहे. इंदूरचा कृपाशंकर पटेल रेल्वेतून खेळला, अर्जुन पुरस्कार मिळवला आणि पुढे ‘दंगल’ चित्रपटासाठी आमिर खानला कुस्ती शिकवणारा म्हणून देशभर माहीत झाला. मध्य प्रदेश सरकारने भोपाळला मार्शल आर्ट अकादमीही चालवली आहे. ज्युदो, वुशू, तायक्वांदो असे खेळ तिथे शिकवतात. त्यांतलं पदक नोकरीच्या अर्जात कामाला येतं.

शुद्ध व्यावसायिक म्हणावा असा त्या पिढीतला माणूस एकच, दारासिंह. तिकीट विकून, पोस्टर लावून, देशोदेशी फिरून त्याने पैसा केला आणि 1968मध्ये मुंबईत अमेरिकेच्या लू थेझला हरवून जागतिक विजेता म्हणवून घेतलं. त्या कुस्त्यांमधलं खरं किती आणि ठरलेलं किती याची चर्चा तेव्हाही होती. धंदा मात्र शंभर टक्के खरा होता. पुढे सिनेमाने त्याला जे स्थैर्य दिलं ते आखाड्याने बहुधा दिलं नसतं.

आता पिंजऱ्याकडे. भारतात या खेळाचा पहिला मोठा गाजावाजा झाला तो 2012च्या मार्चमध्ये, अंधेरीच्या क्रीडा संकुलात. राज कुंद्रा आणि संजय दत्त यांनी सुपर फाइट लीग काढली. दिवे, नाचगाणी, परदेशी नावं, सगळं होतं. काही वर्षं धडपडून ती थंडावली, 2017मध्ये संघांच्या लीगच्या रूपात पुन्हा उभी राहिली आणि पुन्हा बसली. 2019पासून श्रॉफ कुटुंबाची मॅट्रिक्स फाइट नाइट सुरू झाली. म्हणजे या देशात पिंजऱ्याचे पहिले आश्रयदाते सिनेमाच्या वर्तुळातून आले. दरबाराच्या जागी तारांगण. त्यात वाईट काही नाही, पण सिनेमावाल्याचा उत्साह पुढच्या शुक्रवारपर्यंतचा असतो आणि लढवय्या घडायला आठ-दहा वर्षं लागतात.

या सुपर फाइट लीगमधूनच मुंबईचा भरत खंडारे वर आला. यूएफसीने करारबद्ध केलेला तो भारतात जन्मलेला पहिला लढवय्या. 25 नोव्हेंबर 2017ला शांघायमध्ये त्याची लढत चीनच्या सोंग यादोंगशी लागली. सोंग तेव्हा पोरसवदा होता. पुढे तो यूएफसीतल्या वरच्या नावांत गेला. खंडारे पहिल्याच फेरीत गिलोटिन फासात अडकला. हा फास समोरून लागतो. पटात शिरताना मान बाहेर राहिली की समोरचा ती काखेत धरतो आणि आवळतो. यूएफसीत खंडारेची ती पहिली आणि शेवटची लढत. एवढ्या वर्षांच्या मेहनतीचा जगासमोरचा हिशेब पाच मिनिटांत उरकला गेला.

खंडारेनंतर ती दारं पुन्हा उघडायला पाच वर्षं गेली. उत्तराखंडचा अंशुल जुबली सैन्यात अधिकारी होण्याची तयारी करत होता. व्हिडिओ पाहून त्याला या खेळाचं वेड लागलं आणि तो दिल्लीच्या क्रॉसट्रेन फाइट क्लबात दाखल झाला. आशियाई खेळाडूंसाठीच्या ‘रोड टू यूएफसी’ स्पर्धेची अंतिम लढत त्याने फेब्रुवारी 2023मध्ये इंडोनेशियाच्या जेका सरागिहला दुसऱ्या फेरीत ठोकून जिंकली आणि करार मिळवला. त्याच ऑक्टोबरमध्ये अबू धाबीत माइक ब्रीडनने त्याला तिसऱ्या फेरीत नॉकआउट केलं. त्यानंतर तो पिंजऱ्यात उतरला ते थेट फेब्रुवारी 2025मध्ये, सिडनीला, आणि एकोणीस सेकंदांत हरला. दोन वर्षांत तीन लढती, त्यांतली शेवटची अर्ध्या मिनिटाचीही नाही.

पूजा तोमरची गोष्ट यापेक्षा आशादायक आहे. मुझफ्फरनगरकडची ही मुलगी वुशूत पाच वेळा राष्ट्रीय विजेती होती. बालीतल्या सोमा फाइट क्लबात तिने तयारी केली. 8 जून 2024ला लुईव्हिलमध्ये ब्राझीलच्या रायान आमांदाविरुद्ध पंचांच्या दोन विरुद्ध एक कौलाने ती जिंकली. यूएफसीत लढत जिंकणारी ती पहिली भारतीय महिला. मार्च 2025मध्ये लंडनला शॉना बॅननने तिचा हात आडवा ओढून तिला शरण आणलं. वुशूतून आलेल्या पूजाची लाथ सरस आहे, अडचण जमिनीवर येते.

रितू फोगटचं उदाहरण त्याच्या उलट असायला हवं होतं. महावीर फोगटांची ही मुलगी, 23 वर्षांखालील जागतिक स्पर्धेतली रौप्यविजेती, 2019मध्ये कुस्ती सोडून सिंगापूरला गेली आणि तिथल्या वन चॅम्पियनशिप या एमएमए संस्थेत उतरली. पटात जाऊन पाडायचं, वर बसून ठोसायचं, ही तिची पद्धत. डिसेंबर 2021मध्ये ती ग्रां प्रीच्या अंतिम लढतीपर्यंत पोचली. समोर थायलंडची स्टॅम्प फेअरटेक्स, म्हणजे लाथाबुक्क्यांची राणी. सगळ्यांनी धरून चाललेलं की लढत जमिनीवर गेली तर रितू जिंकणार. ती जमिनीवर गेली, आणि तिथेच स्टॅम्पने खालून रितूचा हात धरून दुसऱ्या फेरीत खेळ संपवला. कराचीतल्या अक्रमनंतर पंचेचाळीस वर्षांनी पुन्हा तेच.

यावरून कुस्तीचा पाया कुचकामी ठरवणं चुकीचं होईल. खरं तर तो सर्वांत भक्कम पाया आहे. एकेरी पट, दुहेरी पट, ढाक, कलाजंग हे डाव ज्याच्या अंगात आहेत तो लढत उभी ठेवायची की खाली न्यायची हे स्वतः ठरवतो, आणि पिंजऱ्यात हा निर्णय ज्याच्या हाती त्याचं निम्मं काम झालेलं असतं. कॅनडाचा अर्जन भुल्लर 2010च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत कुस्तीचं सुवर्ण जिंकलेला. 2021च्या मेमध्ये ब्रँडन व्हेराला हरवून तो वन चॅम्पियनशिपचा हेवीवेट विजेता झाला. खांद्यावर गदा घेऊन पिंजऱ्याकडे चालत येणारा माणूस म्हणजे तोच. रशियाच्या दागेस्तानचा हबीब नूरमागोमेदोव 29 लढती खेळला, 29 जिंकला आणि 2020मध्ये बाजूला झाला.

दागेस्तानचं नाव घेतलं की आपल्याकडे लगेच डोंगरातलं कष्टाचं आयुष्य, अस्वलाशी झुंज वगैरे सुरू होतं. लहानग्या हबीबचा अस्वलाशी झुंजण्याचा तो व्हिडिओ मजेदार आहे खरा, पण दागेस्तानच्या यशात अस्वलाचा वाटा शून्य. तिथे शाळकरी वयात फ्रीस्टाइल कुस्ती, त्यावर कॉम्बॅट साम्बो, म्हणजे ठोसे-लाथा आणि सांधे पिळणं दोन्ही असलेला प्रकार, त्याच्या हौशी स्पर्धा आणि मग व्यावसायिक लढती अशी पायरीला पायरी लागलेली आहे. हबीबचे दिवंगत वडील अब्दुलमनाप यांच्यासारखे वस्ताद एकाच मुलाला पहिल्या पायरीपासून शेवटच्या पायरीपर्यंत नेतात. कोल्हापूरच्या, पुण्याच्या, इंदूरच्या तालमींत पहिली पायरी दागेस्तानइतकीच पक्की आहे. दुसरी मात्र बांधलेलीच नाही. तालमीतला पोरगा ठोसा खायला शिकतो तो पंचविशीनंतर, कुस्तीत नोकरी लागणार नाही हे कळल्यावर. तोवर समोरच्याने ठोसे आणि फास यांत दहा वर्षं घातलेली असतात.

आता पैशाचं. यूएफसीच्या नव्या माणसाच्या करारात एका लढतीला साधारण दहा ते बारा हजार डॉलर उतरण्याचे आणि जिंकला तर तेवढेच जास्तीचे, असा रिवाज अलीकडच्या वर्षांत राहिला आहे. कपड्यांच्या करारातून पहिल्या तीन लढतींपर्यंत प्रत्येकी चार हजार डॉलर. रात्रीच्या उत्तम कामगिरीला 2025पर्यंत 50 हजार डॉलरचं बक्षीस असे, ते चौघांच्या वाट्याला येई. म्हणजे हरलेल्या लढतीचे हातात बारा-चौदा लाख रुपये. त्यातून लढत ज्या देशात झाली तिथला कर, प्रशिक्षकाचा आणि व्यवस्थापकाचा हिस्सा, सोबत्यांचा जादा खर्च, दोन-अडीच महिन्यांच्या तयारीचं जेवण, औषध आणि मालिश. देवासच्या कारखान्यातला कायम कामगार ही रक्कम ऐकून आधी हरखेल, आणि वर्षातून एखाद-दोनच लढती मिळतात हे कळल्यावर आपल्या पगाराकडे आदराने बघेल.

ही त्या उतरंडीची सर्वांत वरची पायरी झाली. खाली देशी स्पर्धांतल्या रकमा फारच किरकोळ असतात आणि बहुतेक लढवय्यांचं पोट चालतं ते जिममध्ये शिकवण्यावर. सकाळ-संध्याकाळ हौशी लोकांना ठोसे मारायला शिकवायचं आणि दुपारी स्वतःचा सराव करायचा. जुन्या दरबारात पैलवानाला निदान खुराकाची चिंता नव्हती.

वरच्या पायरीवरही वाटणी सरळ नाही. यूएफसी 2001मध्ये 20 लाख डॉलरला विकली गेली आणि 2016मध्ये सुमारे चार अब्ज डॉलरला. मधल्या काळातली ही वाढ ज्यांच्या हाडांवर उभी राहिली त्या लढवय्यांपैकी कुंग ली आणि इतर काहींनी कंपनीला कोर्टात खेचलं. करार एकतर्फी आहेत, दुसरीकडे लढू देत नाहीत, त्यामुळे भाव वाढत नाही, हा त्यांचा दावा. दशकभर चाललेला हा खटला 37 कोटी 50 लाख डॉलरच्या तडजोडीत मिटला. 2025च्या फेब्रुवारीत न्यायालयाने तिला अंतिम मान्यता दिली. संघटना मात्र अजून नाही. मुष्टियोद्ध्यांसाठी अमेरिकेत निदान एक कायदा आहे, पिंजऱ्यातल्यांसाठी तोही नाही.

शरीराचा हिशेब पैशापेक्षा कठीण. लढत 70 किलोंत असेल तर माणूस एरवी 80चा असतो. शेवटच्या आठवड्यात मीठ बंद, पाणी बंद, गरम पाण्याच्या टबात बसणं, घाम काढणं. वजन झालं की चोवीस तासांत ते पुन्हा भरून काढायचं. 2015च्या डिसेंबरमध्ये यांग जियान बिंग हा एकवीस वर्षांचा चिनी लढवय्या वन चॅम्पियनशिपच्या लढतीआधी वजन उतरवतानाच गेला. त्यानंतर त्या संस्थेने शरीरातलं पाणी काढून वजन उतरवायला बंदी घातली आणि वजनाच्या वेळी शरीरात पुरेसं पाणी आहे का हे तपासायला सुरुवात केली. बाकी बऱ्याच ठिकाणी जुनी रीत चालू आहे. डोक्यावरच्या माराचं तर मोजमापच उशिरा होतं. 2016मध्ये अपघातात गेलेल्या जॉर्डन पार्सन्स या पंचवीस वर्षांच्या लढवय्याच्या मेंदूची तपासणी झाली तेव्हा वारंवार मार बसून होणारा झिजीचा आजार त्यात आढळला. आपल्या कुस्तीत कान चुरगळतात, गुडघे जातात, पण मेंदू बहुतेक शाबूत राहतो. तालमीतल्या वस्तादाने पोराला पिंजऱ्यात जाऊ नको म्हटलं तर त्याला जुनाट ठरवण्याआधी एवढं लक्षात घ्यावं.

गामासुद्धा शेवटी लाहोरला आजारात आणि ओढगस्तीत गेला. सीमेपलीकडून घनश्यामदास बिर्लांनी त्याला मदत पाठवली. जगात न हरलेल्या माणसाची ही गत. म्हणून घरचे लोक ‘नोकरीचं काय?’ विचारतात त्याला व्यवहार म्हणावं. आणि इथेच सध्या एक नवी हालचाल आहे. 2026च्या आयची-नागोया आशियाई स्पर्धांच्या कार्यक्रमात एमएमएचा समावेश झाला आहे. ज्या खेळाला आशियाई पदक आहे त्याला खेळ-कोट्याच्या यादीत जागा मागता येते, राज्याच्या अकादमीत प्रशिक्षक मागता येतो, राष्ट्रीय स्पर्धेची प्रमाणपत्रं अर्थपूर्ण होतात. हौशी लढतीत संरक्षक साहित्य जास्त, फेऱ्या लहान, धोका कमी. तालीम आणि पिंजरा यांच्यामध्ये नसलेली पायरी बांधली गेली तर ती करारवाल्या कंपन्या बांधणार नाहीत. या हौशी स्पर्धा, पोलीस आणि रेल्वेचे संघ, भोपाळसारख्या अकादम्या यांच्याकडूनच ती होईल. वुशूची सांदा लढत, ज्युदोचं गळा आवळणं आणि मातीतले पट हे तिन्ही एकाच मुलाला पंधराव्या वर्षापासून शिकवायला नवं काही शोधून काढायचं नाही. शिकवणारे तिघंही बहुधा एकाच शहरात असतात, फक्त एकमेकांच्या दारात जात नाहीत.

देवासहून इंदूर चाळीसेक किलोमीटर, धारहून साठ-पासष्ट. सकाळच्या बसने जाऊन संध्याकाळी परत येता येईल इतकं जवळ. तिथून पुढे मुंबई किंवा दिल्ली, आणि त्यापुढे सिंगापूर नाहीतर बाली. खेळाडू जसा वर जातो तसा गावापासून लांब जातो, आणि प्रत्येक टप्प्यावर खर्च स्वतःचा. या प्रवासात सर्वांत मोठा मोह असतो तो लवकर व्यावसायिक होण्याचा. पाच-दहा हजार रुपये, अंगावर दिवे, मोबाइलवर चित्रफीत. नागपंचमीच्या दंगलीत हरलेली कुस्ती पुढच्या गावच्या जत्रेत कोणी विचारत नाही. पिंजऱ्यातली प्रत्येक व्यावसायिक लढत मात्र इंटरनेटवरच्या नोंदवह्यांत विजय-पराभवाच्या आकड्यासह कायमची चढते, आणि पाच वर्षांनी सिंगापुरात बसलेला जुळणी लावणारा माणूस नाव-गाव वाचण्याआधी तो आकडा वाचतो. एकोणिसाव्या वर्षी, ठोसा चुकवता येत नसताना घेतलेले तीन पराभव त्या आकड्यात तसेच राहतात. हौशी लढतींची नोंद वेगळ्या खात्यात जाते.